सूचक

“तवा फोडू नगा,” दुरगव्वा म्हणाली.

सरपंच आबा पिसाळांनी पोह्यांची बशी हातातच धरून विचारलं, “कवा?”

“कवा न्हवं. तवा. वढ्यातला तवा.”

“आगं पर कवा फोडू नगं ते तर सांग! आत्ता फोडायचा, का तवा फोडायचा?”

आमच्या माणदेशात ‘तेव्हा’ला ‘तवा’ म्हणतात, त्यामुळे आबांचा विनोद लगेच सगळ्यांना पोचला. पळसखडीच्या शाळेच्या व्हरांड्यात बसलेली सगळी ग्रामसभा हसली. तालुक्याहून आलेले माझे वरिष्ठ रेळेकर साहेब हसले. मीही हसलो, तोंडातला शेंगदाणा सतरंजीवर उडाला इतका. सतरा वर्षं झाली त्याला. अजून कुणी पोहे पुढे केले की मला ते दात काढून हसणं आठवतं आणि घास गिळवत नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत समूह संघटक होतो. गावोगाव जायचं, लोकांना घेऊन शिवारफेरी काढायची, कुठं पाणी मुरतं, कुठं वाहून जातं ते त्यांच्याकडून समजून घ्यायचं, मग ग्रामसभा भरवून गावाचा जल आराखडा ठरवायचा आणि त्याचा ठराव लिहायचा. सगळ्या तालुक्याच्या पाण्याचा आराखडा अशा गावागावांच्या ठरावांतून तयार होणार होता. आमच्या प्रशिक्षणात ‘लोकसहभाग’ हा शब्द दिवसाला शंभर वेळा यायचा. माझं अक्षर वळणदार होतं, म्हणून आठ गावांचे ठराव माझ्याच हाती होते. मला त्याचा अभिमान होता.

त्याच दिवशी सकाळी पळसखडीची शिवारफेरी झाली होती. शाळेपासून निघालो तेव्हा पंचवीसेक माणसं होती. फोटो काढून झाल्यावर पंधरा उरली. ओढ्यापर्यंत पोचेतो सहा. रेळेकर साहेब बांधावरच्या बाभळीखाली जीपमध्ये बसले आणि म्हणाले, “तुम्ही बघून घ्या, मला नकाशावर सगळं दिसतंय.” आबांना फोन आला. शेवटी ओढ्याच्या पात्रात मी आणि खांद्यावर पहार घेतलेली दुरगव्वा, एवढेच उतरलो.

दुरगव्वा धोत्रे वडारवस्तीतली. साठीच्या पुढची, काटक, हातांचे तळवे दगडासारखे. पळसखडीतल्या निम्म्या विहिरी तिच्या सासऱ्यानं आणि नवऱ्यानं खणलेल्या, आणि तीही त्यांच्या बरोबरीनं पाट्या उचलत खाली उतरलेली. गावाला विहिरी देणाऱ्या वस्तीतल्या तीस घरांना स्वतःची विहीर नव्हती, कारण विहीर खणायला स्वतःची जमीन लागते. ओढा कुणाचाच नाही, म्हणून त्यांचं पाणी ओढ्यात. पात्रातल्या वाळूत कमरेएवढा खड्डा, भोवती दगड रचलेले. तो झिरा. रात्रभर पाझरून पहाटेला भरायचा, घरटी दोन घागरी देऊन दुपारी पुन्हा भरायचा. मे महिन्यातसुद्धा.

“कान दे,” ती म्हणाली आणि तिनं झिऱ्याच्या वरच्या अंगाला वाळू बाजूला सारून पहार आपटली. टण्ण असा आवाज झाला. दहा पावलं पुढं जाऊन पुन्हा आपटली. तसाच आवाज.

“ह्यो तवा. दगडाचा. आमचा सासरा तवाच म्हणायचा. वर वाळू, काठाला तीन फूट मुरूम, खाली ह्यो. लई जाड न्हाय, हातभर आसंल. ह्याच्यावर पाणी बसतंय आन् घसरत घसरत झिऱ्याला येतंय.”

“आणि तव्याच्या खाली?”

“खाली समदं फुटकं. चिराच चिरा. थोरल्या हिरीच्या टायमाला बगितलंय मी. तवा फुटला की पाणी थांबत न्हाय, पार पाताळात जातंय. वढा खोल करायचा म्हणत्यात नव्हं? करा. वरच्या अंगाला करा, माळाकडं करा. हितं पहारीला आसा आवाज आला की थांबायचं. एवढंच सांगायचंय मला.”

मी डायरीत लिहून घेतलं, कुठून कुठपर्यंत ते पावलं मोजून. तिनं झिऱ्यातून तांब्या भरून माझ्यापुढं धरला. पाणी गार होतं, जरासं मातकट, आणि गोड. मी तांब्या रिकामा केला तसा तिनं दुसरा भरला.

“आता तू आमच्या झिऱ्याचं पाणी पिलास,” ती म्हणाली. “आता खोटं बोलायचं न्हाय.”

मी हसून मान हलवली.

तर ग्रामसभेत ती हेच सांगायला उभी राहिली होती. बुधवार होता. वस्तीतली धडधाकट माणसं दूरच्या रस्त्याच्या कामावर गेली होती, सून रेणुका बाळंतपणाला माहेरी होती. वस्तीतून एकटी दुरगव्वा आली होती आणि तीही सतरंजीच्या कडेला, चपला काढतात तिथं बसली होती. आबांचा विनोद होऊन गेल्यावरही ती खाली बसली नाही. हसू ओसरेपर्यंत थांबली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुरूम, तवा, चिरा, झिरा. आवाज चढवला नाही.

“झालं?” आबा म्हणाले. “बरं. तुजं म्हणणं आलं ध्येनात. लिव रं पोरा तिचं.”

मी लिहिलं. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

“माजं नाव लिवलंस?”

“लिहिलं, मावशी.”

“दाव.”

मी डायरी तिच्यापुढं केली आणि नावावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि आपलं बोट तिथं ठेवून अक्षरांवरून हळूच फिरवलं.

“रेशन कार्डाबिगर माजं नाव कुठल्या कागदावर न्हाय बग,” ती म्हणाली. खूश होती.

दोन दिवसांनी रेळेकर साहेबांनी मला तालुक्याच्या आमच्या कार्यालयात बोलावलं. टेबलावर पळसखडीचा आराखडा तयार होता. ओढ्याचं खोलीकरण, आठशे मीटर, तीन मीटर खोल, वडारवस्तीच्या खालपासून वरपर्यंत सलग. ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात तो वर गेला होता. तारीख छापलेली होती, ती त्यांनी झाकायचाही प्रयत्न केला नाही.

“ठराव तेवढा जोडायचा राहिलाय,” ते म्हणाले.

“सर, पण सभेत वेगळं बोलणं झालं. झिऱ्यापाशी तवा आहे म्हणून—”

“तवा काय तवा? हा तांत्रिक शब्द आहे का? मशीन आलंय, आबांच्या मेव्हण्याच्या रस्त्याच्या ठेक्याला मुरूम पाहिजे, गावाला खोलीकरण पाहिजे. सगळ्यांचं भलं होतंय.” मग त्यांनी एक फॉर्म माझ्याकडे सरकवला. “हे बघ. लोकसहभागाचे गुण. ठरावाची सूचक महिला असली तर दहा. मागास वस्तीतली असली तर आणखी दहा. आपलं गाव जिल्ह्यात पहिलं येऊ शकतं. सभेत सगळ्यात जास्त कोण बोललं?”

“दुरगव्वा धोत्रे.”

“मग झालं! सूचक तीच.”

“सर, ती विरोधात बोलली.”

“बोलली ना? म्हणजे सहभाग घेतला. जी बोलते ती सुचवते. जी सुचवते ती सूचक.” साहेब आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले आणि त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

चहा आला. मी चहा पीत पीत ठराव लिहिला. कुणी माझा हात धरला नव्हता, नोकरीवरून काढायची धमकी दिली नव्हती. उलट साहेबांनी बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं सरकवला होता. ‘वडारवस्तीलगतच्या ओढ्याचे तीन मीटर खोलीकरण करणेत यावे. सूचक : श्रीमती दुरगव्वा तिम्मा धोत्रे. अनुमोदक : श्री. पिसाळ. ठराव सर्वानुमते मंजूर.’ तिचं नाव मी जरा सावकाश, नीट काढलं, कारण ते लांब होतं आणि ओळीत बसायला हवं होतं. त्या बिस्किटांची आठवण झाली तरी मला आजही शिसारी येते.

पुढच्या पंधरवड्यात पोकलेन ओढ्यात उतरलं. नारळ फुटला, फोटो निघाले. तिसऱ्या दिवशी बकेट तव्याला लागली. ठिणग्या उडाल्या. मग मशीनला ब्रेकर लावला आणि दोन दिवस नुसती धडधड चालू होती. दुरगव्वा काठावर डोक्यावर पदर घेऊन बसून होती. मी तिच्यापासून लांब उभा होतो, पण तिनंच हाक मारली.

“ऐकलास?”

“काय, मावशी?”

“आता टण्ण वाजत न्हाय.”

मी मशीनकडं बघत राहिलो. तीच मग माझी समजूत घालायला लागली. “तू कशाला तोंड पाडतोस? तू लिवलं हुतंस. त्यांनी ऐकलं न्हाय त्येला तू काय करणार?”

मी मान हलवली. तेवढं मला चांगलं जमायचं.

पावसाळ्यात ते आठशे मीटर काठोकाठ भरलं. आबांनी जलपूजन केलं, बायकांनी ओटी भरली, दुरगव्वालाही पुढे उभं करून तिच्या हातात आरतीचं ताट दिलं आणि फोटो काढला. तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. पळसखडीला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते आईनं चौकट करून भिंतीवर लावलं. दिवाळीला ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. संक्रांतीला चिखल होता. झिऱ्याचं तर नावच नको. वस्तीनं तो हातभर आणखी खणला, मग आणखी हातभर, आणि खाली नुसत्या कोरड्या चिरा लागल्या. गावातल्या विहिरी वरच्या अंगाला होत्या, त्यांना काही झालं नाही. वस्तीला दिवसाआड टँकर सुरू झाला.

शिमग्याच्या आसपास एका दुपारी दुरगव्वा आमच्या कार्यालयात आली. बरोबर सून रेणुका होती, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं लेकरू. सात किलोमीटर चालत आल्या होत्या. रेळेकर साहेब आतल्या खोलीत होते. मी दोघींना खुर्च्या दिल्या, जारमधून दोन ग्लास पाणी भरून टेबलावर ठेवलं. दुरगव्वा खुर्चीवर न बसता उभीच राहिली. वर्षभरात ती फार वाळली होती.

“सायेब,” ती म्हणाली. पूर्वी ती मला सायेब म्हणत नसे. “वस्तीनं अर्ज केला हुता. झिरा कुणी घालवला, सांगा म्हणून. पंचायतीनं ह्यो कागद दिला.” तिनं पोलक्यातून चार घड्या केलेली झेरॉक्स काढली. “वस्तीतली मानसं मला म्हणत्यात, तूच सांगितलंस खणायला. तुजंच नाव हाय. टँकर आला की मला रांगंत हुबी ऱ्हाऊ देत न्हाईत. दोन म्हयनं झालं, सुनंच्या माहेरास्नं पाणी येतंय.”

मी कागद उलगडला. माझंच अक्षर होतं. झेरॉक्समध्ये जरा फिकट आलेलं, पण वळणदार.

“वाच,” दुरगव्वा म्हणाली. “मोठ्यानं वाच.”

मी घसा साफ केला. ‘वडारवस्तीलगतच्या ओढ्याचे खोलीकरण करणेत यावे’ इथपर्यंत वाचलं. पुढे तिचं नाव होतं. मी वर पाहिलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, शिवारफेरीच्या त्या सकाळी ओढ्यात ‘कान दे’ म्हणताना बघत होती तशी.

“सूचक,” मी वाचलं आणि थांबलो.

“म्हंजी?”

“म्हणजे ज्यानं सुचवलं तो.”

“बरं. कोण?”

एक क्षण होता. मी एवढंच म्हणायचं होतं की, मावशी, तुमचं नाव आहे, ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. तीन तुकडे, प्रत्येक सोपा. आणि मी काय केलं? माझ्या मनात तिच्याविषयी माया दाटून आली. ही बिचारी इतकी चालून आली, हिला तिचंच नाव कसं वाचून दाखवायचं, उगाच हिचं मन मोडेल, असं मला वाटलं. खोटं बोलताना मला आपण चांगले आहोत असं वाटत होतं. त्या सगळ्या प्रकरणात मला माझी सगळ्यात जास्त किळस येते ती याच क्षणाची.

“सूचक : श्री. पिसाळ,” मी वाचलं.

“आबा?”

“हो. आबा.”

“माजं नाव न्हाय?”

“नाही, मावशी. तुमचं कुठंच नाही. लोक उगाच बोलतात.”

रेणुकानं लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हात लांब करून माझ्या हातातून कागद काढून घेतला. तिनं तो न बघता वाचला. “सूचक, श्रीमती दुरगव्वा तिम्मा धोत्रे. मी धावीपत्तुर शिकल्ये, सायेब. चार डाव वाचून दावलाय मी सासूबाईस्नी.”

मी विचारलं, “मग... मला कशाला वाचायला लावलंत?”

 दुरगव्वानं मागं वळून दार पुरतं उघडलं. बाहेरच्या ओट्यावर वडारवस्तीतले तिघे जण भिंतीला टेकून उभे होते. एक तिचा पुतण्या हणमा, दोघे म्हातारे. ते सगळं ऐकत होते.

“मी ह्यास्नी घिऊन आले हुते,” ती म्हणाली. “त्या दिशी सभंला आमचं दुसरं कुणी नव्हतं. गाव काय खरं सांगायचं न्हाय. मी म्हणलं, ज्यानं लिवलं त्यालाच इचारू. त्यो पोरगा आमच्या झिऱ्याचं पाणी पिलाय. नाव वाचंल आन् सांगंल, ही फोडू नगा म्हणत हुती, कागद खोटा हाय.”

“मावशी, थांबा, मी सांगतो त्यांना—” मी खुर्ची मागं सारली.

“आता काय सांगतोस?” हणमा म्हणाला. तो रागावलेलाही नव्हता. “कागदावर हिचं नाव ढळढळीत हाय आन् तू न्हाय म्हणतोस. म्हंजी तू हिला झाकतोयस. तुमी दोगं मिळून केलंसा. आरतीचं ताट घिऊन फोटू काढला तवाच आमी वळाकलं हुतं.” मग तो तिच्याकडं वळला. “चल काकी. झालं ऐकून. आता टँकरपाशी येऊ नगंस.”

ते तिघे ओट्यावरून खाली उतरले आणि चालायला लागले. रेणुका माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, ती शिव्या देईल. तिनं कागद टेबलावर ठेवला, लेकराच्या तोंडावर पदर ओढला, जणू इथली हवा त्याला लागायला नको, आणि बाहेर पडली. दुरगव्वानं टेबलावरचा कागद उचलून त्याच्या पुन्हा चार घड्या केल्या. ग्लासांना तिनं हात लावला नाही. सात किलोमीटर उन्हातून आली होती.

“तुजं अक्षर लई चांगलं हाय म्हणत्यात,” ती म्हणाली आणि गेली.

मी धावत जाऊ शकलो असतो. ते पाच जण नाक्यापर्यंतही पोचले नव्हते. रस्त्यावर उभं राहून ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी दारापर्यंत गेलोसुद्धा. तेवढ्यात आतल्या खोलीतून रेळेकर साहेबांचा आवाज आला.

“कोण आलंय रे?”

“कोणी नाही, सर,” मी म्हणालो.